लाखी म्हणून घेतलेलं पाच रुपयांचं नाणं

गेल्या डिसेंबरात पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात मी चौदा हजार रुपये मोजून पाच रुपयांचं एक नाणं घेतलं. ते खोटं निघालं. म्हणजे नाणं सरकारीच, पण त्यावरची ‘चूक’ टांकसाळीतली नव्हती, कुणीतरी व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट आवळायच्या लोखंडी पकडीत, दाबून केलेली होती. एरर नाणी, म्हणजे टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी, जमवणाऱ्या नव्या मुलांची संख्या वाढते आहे आणि असा माल सध्या बराच फिरतो आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी बँकेत कॅशियर होतो. एकवीस वर्षं काउंटरवर नाण्यांच्या पिशव्या मोजल्या. छाप एका बाजूला सरकलेली, कड खाल्लेली नाणी त्यातूनच मिळाली आणि छंद लागला. पण लाखी कधी हाताला लागली नव्हती. लाखी म्हणजे ज्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीची छाप असते आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, आत खोल गेलेली असते. हे होतं कसं, तर छापलेलं नाणं छाप मारणाऱ्या ठशाला चिकटून राहतं, बाहेर पडत नाही. पुढची कोरी चकती त्याच्यावरच येऊन बसते आणि ठोका पडतो. एका बाजूला खरा ठसा, दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचं तोंड.

त्या टेबलावर असं नाणं दिसलं आणि माझा श्वासच अडकला. नऊ ग्रॅमचं जुनं, जाड, तांबं-निकेलचं पाच रुपये. एका बाजूला सिंह. उलटवलं तर पुन्हा सिंह, पण खड्ड्यात, आणि ‘सत्यमेव जयते’ आरशात दिसावं तसं. होल्डरवर सुबक अक्षरात लिहिलेलं: ५ रुपये, १९९८, मुंबई, लाखी.

विक्रेता पस्तिशीतला, बोलायला गोड. “काका, तुम्ही जाणकार दिसता, म्हणून तुम्हाला दाखवतो. सगळ्यांना नाही काढत मी हे.” अठरा सांगितले, चौदावर आला. शेजारी एक तरुण उभा होता, तो म्हणाला, “दादा, काकांनी नाही घेतलं तर मला द्या.” तो त्यांच्यातलाच होता असं मला आता वाटतं, पण खात्रीने सांगता येणार नाही. मी पैसे ऑनलाइन पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, “बिलबुक गाडीत आहे, संध्याकाळी देतो.” एवढी वर्षं लोकांकडून पावत्यांवर सह्या घेतलेला मी तिथे गप्प बसलो.

घरी दिव्याखाली दहापट भिंग लावलं. उलट्या ‘जयते’च्या खाली धातूत एक पुसट वाकडी रेघ दिसली. बराच वेळ मी तिला ओरखडाच समजत होतो. मग कपाटातलं दुसरं पाच रुपये काढून शेजारी ठेवलं आणि पोटात गोळा आला. ती फुलाची पाकळी होती. या नाण्याच्या आकड्याच्या बाजूला ५ च्या दोन्हीकडे फुलं असतात, त्यातलीच. खऱ्या लाखीत त्या बाजूला आकड्याचा ठसा कधी पोचलेलाच नसतो, कारण मध्ये चिकटलेलं नाणं असतं. मग पाकळी येईल कुठून? आधी पूर्ण छापलेलं नाणं घेतलं, आकड्याची बाजू कानशीने घासून सपाट केली आणि दुसऱ्या नाण्याचा सिंह त्यावर व्हाइसमध्ये दाबला. पाकळीचा तेवढा भाग घासायचा राहिला.

सकाळी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर नाणं ठेवलं. ८.२ ग्रॅम. लाखी कोऱ्या चकतीवरच छापली जाते, तिचं वजन नऊच्या आसपासच भरायला हवं. कडेलाही भिंग लावलं. या नाण्यांच्या कडेला मधोमध खाच असलेली सुरक्षा कड असते. माझ्या नाण्यात ती खाच एका अंगाला सरकलेली दिसली, कारण दुसऱ्या अंगाची धातू कानशीने नेली होती.

सगळ्यात जास्त चुटपुट होल्डरची लागली. या नाण्यावर सालही आकड्याच्याच बाजूला असतं आणि टांकसाळीची खूणही सालाखालीच. मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. दोन्हीकडे सिंह असलेल्या लाखीवर साल नसतंच, मग ‘१९९८, मुंबई’ त्याने कशावरून लिहिलं? हे मला टेबलावरच सुचायला हवं होतं. साल माहीत होतं, कारण ते त्यानेच घासून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. टेबल रिकामं. आयोजक म्हणाले, त्याने जागा एकाच दिवसापुरती दुसऱ्याकडून घेतली होती. फोन बंद. पैसे गेले ते खातं भलत्याच नावाचं निघालं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, अजून काही कळलेलं नाही.

त्याच ट्रेमध्ये दहा रुपयांचं एक नाणं होतं, मधली चकती उलटी बसलेली. ते मी त्याच वेळी ओळखलं होतं. दहाच्या नाण्याचं पिवळं कडं आणि पांढरी चकती आधी एकत्र येतात आणि मग दोन्हींवर एकाच ठोक्यात छाप पडते. छापलेली चकती छापलेल्या कड्यात उलटी दिसली, तर ती नंतर काढून पुन्हा बसवलेली असते. एक खोटं ओळखता आलं म्हणून दुसऱ्यावर विश्वास वाढला, हे माझ्या बाबतीत खरोखर घडलं.

कड खाल्लेल्या नाण्यातही हाच खेळ चालतो. चकती कापताना पत्र्यातल्या आधीच्या भोकावर पंच पडला की चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो. मग चकतीची किनार दाबून उभी करताना त्या जागेच्या बरोबर समोर दाब मिळत नाही आणि तिथली किनार सहसा दबलेली राहते. समोरची किनार टणटणीत भरलेली असेल, तर आधी कानशीचाच संशय घ्या. तांब्याच्या रंगाचं स्टीलचं एक रुपया ‘चुकीच्या धातूचं’ म्हणून विकतात. त्याला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर वर नुसता मुलामा आहे.

आणखी एक. मी माहिती विचारायला फोटो टाकला, तर रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन आला: नाणं पाच लाखांना घेतो, आधी अडीच हजार कमिशन भरा. बँकेतला असल्याने तिथे फसलो नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँक कसलंही शुल्क घेत नाही, असं तिने ४ ऑगस्ट २०२१ च्या पत्रकात स्पष्ट सांगितलं आहे.

त्या माणसाच्या ट्रेमध्ये पाच रुपयांच्या अशाच आणखी तीन ‘लाखी’ होत्या. बँकेत एवढी वर्षं मला एकही मिळाली नाही आणि त्याच्याकडे एका ट्रेत चार होत्या. ती तीन नाणी आता कुणाच्या तरी अल्बममध्ये असतील. डिसेंबरात पुण्यात घेतलेलं असं नाणं तुमच्याकडे असेल, तर होल्डरमधून काढून काट्यावर ठेवा आणि उलट्या ‘जयते’खाली भिंगाने बघा.