लग्नाचे जेवण: पंगत की बुफे?
मुलीच्या लग्नात पंगत वाढावी की बुफे मांडावा, या पेचात सापडलेल्या यजमानांनी आधी पाहुण्यांची वये पाहावीत. पंगतीत मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा सारे जागेवर येते. गुडघे दुखणाऱ्या आजींना टेबल-खुर्ची मिळाली की ताट घेऊन रांगेत ताटकळावे लागत नाही आणि तिखट न खाणाऱ्या लहानग्याला वाढपी साधा वरणभात-तूप वाढू शकतो. मात्र वाढपी अधिक लागतात आणि आग्रहाने वाढलेले पानात उरते. बुफेत मनुष्यबळ वाचते, परंतु चाट-चायनीजचे काउंटर वाढवत नेल्यास ती बचत तिथेच संपते (मुले बहुधा नूडल्स आणि आइस्क्रीमवरच उठतात). पाहुणे मोजके आणि त्यांत ज्येष्ठ अधिक असतील, तर पंगत योग्य. सायंकाळच्या स्वागत समारंभात, जिथे लोक येत-जात राहतात, तिथे बुफे सोयीचा, फक्त ज्येष्ठांना टेबलावर वाढण्याची व्यवस्था केटररशी आधीच ठरवावी.