लारावेल हर्ड : नवशिक्यांसाठी खरोखर उपयोगी साधन

पीएचपी ही वेब प्रोग्रामिंगची भाषा शिकू पाहणाऱ्याची दमछाक बहुतेक वेळा भाषेमुळे होत नाही. ती होते त्याआधी, पीएचपी, कंपोझर (पीएचपीची तयार पॅकेजेस आणून देणारे साधन), वेब सर्व्हर (ब्राउझरला पाने पुरवणारा प्रोग्राम) आणि डेटाबेस यांची मोट बांधताना. टेलर ऑटवेल यांनी 2011 मध्ये आणलेले लारावेल हे पीएचपीचे फ्रेमवर्क (संकेतस्थळ बांधण्याचा तयार सांगाडा) वापरायला सुबक असले, तरी ते संगणकावर उभे करण्यासाठी सुचवली जाणारी साधने नवख्याला जड जात. त्यांपैकी होमस्टेडसाठी व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) लागे, व्हॅले मॅकपुरते होते आणि सेलसाठी प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारे डॉकर आवश्यक असे. म्हणजे लारावेल शिकण्याआधी दुसरेच काहीतरी शिकून घेणे आले. बियाँड कोड या कंपनीने लारावेलच्या सहकार्याने 2023 मध्ये मॅकसाठी आणि 2024 मध्ये विंडोजसाठी आणलेले हर्ड हे साधन हा अडथळा दूर करते, आणि माझ्या मते ते काम ते उत्तम करते.

इन्स्टॉलर उतरवून चालवला की पीएचपी, कंपोझर, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि जावास्क्रिप्ट चालवणारे नोड एकत्रच येतात. विंडोजवर मधे ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली जाते. स्थानिक संकेतस्थळांची नावे संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावे आणि पत्ते यांच्या यादीत) नोंदवायची असल्यामुळे ती द्यावी लागते. त्यानंतर वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरमध्ये हर्ड नावाचे फोल्डर तयार होते. त्यात 'वाचनालय' अशा अर्थाचे, रोमन अक्षरांतले एखादे फोल्डर करून आत इंडेक्स डॉट पीएचपी ही फाइल ठेवली, की ब्राउझरमध्ये त्याच नावापुढे डॉट टेस्ट लिहून पान उघडता येते. व्हर्च्युअल होस्ट (त्या संकेतस्थळापुरती सर्व्हरची मांडणी) लिहावा लागत नाही, की दर वेळी सर्व्हर सुरू करावा लागत नाही.

लारावेलचा नवा प्रकल्प सुरू करण्याची आज्ञा दिल्यावर स्टार्टर किट (लॉगिनसारख्या पानांचा तयार आराखडा), चाचण्यांचे साधन आणि डेटाबेस याविषयी मोजके प्रश्न विचारले जातात. 2024 च्या लारावेल 11 पासून डेटाबेससाठी एसक्यूलाइट हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि हा बदल मला हर्डइतकाच मोलाचा वाटतो. सगळा डेटाबेस प्रकल्पातल्या एका फाइलमध्ये राहत असल्यामुळे पासवर्ड आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) यांचा प्रश्नच उद्भवत नाही. डेटाबेसच्या 'रूट' या मुख्य वापरकर्त्याला प्रवेश नाकारल्याचा संदेश पाहून पहिल्याच दिवशी गोंधळून जाण्याची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही.

पुढे जुना प्रकल्प हाताशी आला, तर त्याच्यापुरती पीएचपीची वेगळी आवृत्ती ठरवून देता येते आणि बाकीच्या प्रकल्पांना धक्का लागत नाही.

उणिवा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. हर्डच्या मोफत आवृत्तीत मायएसक्यूएल हा डेटाबेस मिळत नाही; तो आणि प्रकल्पातून पाठवलेले मेल तपासण्याची सोय सशुल्क प्रो आवृत्तीत आहे. आपल्याकडील महाविद्यालयांत पीएचपीच्या जोडीने बहुधा मायएसक्यूएलच शिकवले जाते, त्यामुळे प्रात्यक्षिकांसाठी ते स्वतंत्रपणे बसवावे लागेल. परदेशी चलनातली वार्षिक वर्गणी विद्यार्थ्याने भरावी, असे मी सुचवणार नाही; मायएसक्यूएलची मोफत आवृत्ती त्याला पुरेशी आहे. दुसरी अडचण झॅम्प या पीएचपीच्या दुसऱ्या तयार संचाची. त्यातला अपाची हा वेब सर्व्हर आधीच चालू असेल, तर 80 क्रमांकाच्या पोर्टसाठी दोघांत झगडा होतो. म्हणून हर्ड सुरू करण्यापूर्वी तो बंद करावा.

सर्व काही आपोआप घडल्यामुळे विद्यार्थ्याला सर्व्हर कळतच नाही, हा शिक्षकांचा आक्षेप मला अर्धाच पटतो. एनजिनएक्सची मांडणी कळायलाच हवी, परंतु स्वतः लिहिलेले पान एकदा पडद्यावर दिसल्यानंतर ती समजून घेण्याची इच्छा अधिक असते.

लिनक्सवर हर्ड उपलब्ध नाही, आणि उबुंटू वापरणाऱ्या प्रयोगशाळांसाठी ही खरी गैरसोय आहे. त्यांनी पीएचपी डॉट न्यू या पत्त्यावरची एका ओळीची आज्ञा वापरावी. तिने पीएचपी, कंपोझर आणि लारावेलचा इन्स्टॉलर बसतो. डॉट टेस्टची सोय मिळत नाही, पण लारावेलची सर्व्ह ही आज्ञा देऊन त्याच तासाला काम सुरू करता येते.