हात-डायनॅमो, आठ महिन्यांनंतर: सगळं मुठीपाशी अडतं

गेल्या रविवारी सहावीतल्या एका मुलीने मूठ फिरवली आणि दिवा लागलाच नाही. मूठ फिरत होती, आतलं चाक जागचं हलत नव्हतं. आठ महिन्यांत हे दुसऱ्यांदा झालं, म्हणून लिहायला बसलो.

हात-डायनॅमो, म्हणजे मूठ फिरवून वीज तयार करणारं मॉडेल, तुम्ही पाहिलेलंच असेल. पारदर्शक खोकं, आत लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर बल्बचं होल्डर. किंमत १४५० रुपये. पेन्शनमधून घेतलं, कारण सांगलीत विश्रामबागेत घराच्या पोर्चमध्ये रविवारी गल्लीतली मुलं प्रयोग करायला येतात. शाळेत होतो तेव्हा तीनदा सहल घेऊन मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. रात्रभर एसटीत अवघडलेली मुलं तिथे पोचली की हलवता येईल ते सगळं हलवून बघायची. ते दृश्य घरी थोडंसं तरी आणावं, एवढीच इच्छा.

पहिल्या महिन्यात मी पाच तारे दिले असते. होल्डरमध्ये बल्ब नसताना मूठ सैल फिरते. बल्ब लावला की तीच मूठ जड होते. वीज फुकट मिळत नाही, हाताची ताकद खर्च होते, हे फळ्यावर तासभर सांगूनही जे पोचत नाही ते इथे मनगटाला कळतं. एलईडी लावला तर मूठ पुन्हा हलकी लागते, आणि मुलं स्वतःच विचारतात, ‘आजोबा, हा कमी वीज खातो का?’

तिसऱ्या महिन्यात मूठ गेली. पोलादी आसावर बसवलेली प्लॅस्टिकची मूठ, तिचं भोक एका बाजूने सपाट. ती सपाटी झिजून भोक गोल झालं, मग मूठ नुसतीच फिरायला लागली. विक्रेत्याला चार फोन केले. उत्तर आलं की मुलांनी जोरात फिरवलं, बल्बमुळे ताण आला, हे वॉरंटीत बसत नाही. बल्बचं होल्डर त्यांनीच दिलेलं, खोक्यावर चित्र मुलांचंच. शेवटी नवी मूठ मिळाली, पण टपालखर्चासह २१० रुपये मोजून. तीच आता पुन्हा गेली.

माझा राग पैशांचा आहेच, पण तेवढाच नाही. विज्ञान संग्रहालयाची सगळी कल्पनाच मुठीवर उभी आहे. ओस्कार फॉन मिलर या वीज-अभियंत्याने १९०३ मध्ये म्युनिकचं डॉइचेस म्युझियम स्थापन केलं. १९२५ मध्ये त्याची मोठी इमारत उघडली, तिथे लोकांना बटणं दाबून, मुठी फिरवून यंत्रं चालवता येत होती. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय २ मे १९५९ ला सुरू झालं, पाठोपाठ बंगळूरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद ही संस्था स्थापन झाली आणि ११ नोव्हेंबर १९८५ ला वरळीचं केंद्र उघडलं.

यातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते १९६५ मधलं काम. कोलकात्याच्या संग्रहालयातल्या लोकांनी प्रदर्शन बसमध्ये घालून गावोगावच्या शाळांपर्यंत नेलं, आणि पहिला विषय घेतला तो विजेचा. खेड्यातले रस्ते, रोज नवी शाळा, रोज शेकडो नवे हात. ज्या मुलाला शहर गाठता येत नाही त्याच्या दारात वस्तू न्यायची आणि तिला हात लावू द्यायचा, हे राष्ट्रीय संग्रहालयाचं खरं काम. ती वस्तू बनवताना पहिला विचार हाच करावा लागतो की मूल ती उलटी फिरवेल, लोंबकळेल, ओढेल. मुलाने जोरात फिरवलं ही तिथे तक्रार होऊच शकत नाही. आणि आमच्या जिल्ह्यात, जिथे किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर घडले, तिथे मुलाच्या हाताला टिकेल अशी मूठ विकत मिळू नये, याची मला चीड येते.

इतकं लिहून मध्ये चार दिवस थांबलो होतो, तेवढ्यात मत थोडं बदललं. खोकं चार स्क्रूंवर उघडतं. उघडून पाहिलं तर वेटोळं नव्यासारखं, बेअरिंग घट्ट, चुंबक शाबूत. दोष फक्त मुठीत. कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने पितळेचा बुश, म्हणजे आसावर बसणारी जाड नळी, घडवला, ६ मिलिमीटरचं भोक पाडलं, आडवा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) टाकला आणि जुनी मूठ त्यावर पक्की बसवली. घेतले १२० रुपये. म्हणजे कारखान्याने हे सुरुवातीलाच केलं असतं तर त्यांना किती स्वस्त पडलं असतं!

म्हणून एक तारा नाही, तीन देतो. घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात बुश बसवून घ्या, झिजायची वाट पाहू नका. ग्रब स्क्रू आसाच्या सपाट बाजूवरच आवळा, नाहीतर तोही घसरतो. काल संध्याकाळी तीच मुलगी आली, बल्ब लावून दहा मिनिटं फिरवत बसली. मूठ हललेली नाही.