चार बॅटऱ्या आहेत. सोलरसाठी त्या जोडून केलेली बँक (बॅटऱ्यांचा एकत्र संच) १२ व्होल्टची करावी की ४८ ची?

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार सारख्या बॅटऱ्या कशाही जोडल्या, तरी साठवण ७.२ किलोवॅट-तासच राहते. पॅरललमध्ये (सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र) १२ व्होल्ट ६०० अँपिअर-अवर, सिरीजमध्ये (एकीचा प्लस पुढचीच्या मायनसला) ४८ व्होल्ट १५० अँपिअर-अवर.

खरा फरक करंटचा. २४०० वॅटच्या लोडला १२ व्होल्टवर २०० अँपिअर लागतात, ४८ वर फक्त ५०. केबलमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे १२ व्होल्टवर त्याच केबलमध्ये नुकसान सोळापट! ढिलं टर्मिनल २०० अँपिअरवर वितळूही शकतं. पॅनेलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या चार्ज कंट्रोलरचंही तसंच: ६० अँपिअरचा कंट्रोलर १२ वर साधारण ७०० वॅटचं पॅनेल सांभाळतो, ४८ वर त्याच्या चौपट.

देखभालीत मात्र सिरीज जास्त लक्ष मागते. एक बॅटरी कमकुवत झाली की सगळी साखळी लंगडते, त्यामुळे प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजत राहा. बॅलन्सर (सगळ्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारं उपकरण) लावलात तर उत्तमच. पॅरललमध्ये खराब बॅटरी काढून उरलेल्यांवर काम चालतं. पण तिथे प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र फ्यूज हवाच, नाहीतर एक शॉर्ट झाली की बाकीच्या तिच्यात करंट ओततात. शिवाय पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकावरून घ्या, म्हणजे भार बराच समान वाटला जातो. डिस्टिल्ड वॉटरचं काम दोन्हीकडे सारखंच.

दिवे, पंखा, मोबाइल चार्जिंग एवढंच असेल तर १२ व्होल्ट पुरे. पंप, फ्रिज, मिक्सर इन्व्हर्टरवर चालवायचे असतील तर ४८ च घ्या.