‘या मॉडेलची रेंजच कमी असते’

मुलीच्या ऑनलाइन वर्गांसाठी मी पुण्यातल्या एका दुकानातून, कुठल्याशा ऑफिसातून बाद झालेला एक रिफर्बिश्ड लॅपटॉप २१,५०० रुपयांना घेतला. दुकानात तो उत्तम चालला, आणि चालणारच होता, कारण राउटर काउंटरच्या मागेच, चार हातांवर लावलेला होता. घरी आणल्यावर मात्र दिवाणखान्यातल्या राउटरपासून एक भिंत ओलांडून आतल्या खोलीत गेले की व्हिडिओ अडकू लागे, आणि त्याच जागी माझा साधा फोन सुरळीत चाले.

दुकानदाराला फोन केला तेव्हा तो अतिशय शांतपणे म्हणाला, “साहेब, प्रत्येक मॉडेलची रेंज वेगळी असते. या मॉडेलची कमीच असते.” या वाक्यात अर्धे सत्य होते आणि म्हणूनच मी फसलो. लॅपटॉपचे वायफाय अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत बसवलेले असतात, तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली वायफायच्या छोट्या कार्डापर्यंत येतात. चौकट प्लास्टिकची की धातूची, अँटेना एक की दोन, कार्ड कोणते, यांवर रेंज खरोखरच बदलते. मी हे वाचले होते, त्यामुळे मला ते पटले, आणि पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी तेवढ्यात संपून गेली.

शंका आली ती वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्या राउटरची दोन नेटवर्के दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि एक ५ गिगाहर्ट्झचे; त्यांतले ५ गिगाहर्ट्झचे या लॅपटॉपच्या यादीत कधीच येत नसे. सिग्नल कमकुवत असणे आणि नेटवर्क मुळीच न दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. योगायोगाने मेहुण्याकडे अगदी हेच मॉडेल होते. दोन्ही लॅपटॉप आतल्या खोलीतल्या एकाच टेबलावर, एकाच दिशेला तोंड करून, २.४ गिगाहर्ट्झच्याच नेटवर्कवर जोडले, तेव्हा त्याच्याकडे सिग्नल ८४ टक्के होता आणि माझ्याकडे ३८. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधील, म्हणजे आतल्या सुट्या भागांच्या यादीतील, नेटवर्क अडॅप्टर्स उघडल्यावर त्याच्याकडे इंटेलचे ८२६५ कार्ड दिसले, जे दोन अँटेनांवर आणि दोन्ही बँडवर, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर, चालते. माझ्याकडे एकाच अँटेनावर आणि केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे दुसरेच स्वस्त कार्ड होते.

खालचे झाकण उघडले. पांढरी वायर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून कोपऱ्यात खुपसलेली होती, कारण नव्या कार्डावर तिला जागाच नव्हती. काळ्या वायरीच्या टोकाची तांदळाच्या दाण्याएवढी सोनेरी टोपी एका बाजूने चेपलेली होती आणि बोट लावताच निसटली. चांगली कार्डे काढून वेगळी विकायची, आणि त्यांच्या जागी उरलीसुरली बसवायची, असा हा उद्योग असावा हा माझा तर्क आहे. मात्र चिकटपट्टी कंपनीने लावलेली नव्हती, एवढे निश्चित.

दुकानात गेलो तर उत्तर मिळाले की कार्ड मीच बदलले नसेन कशावरून. पावतीवर ‘लॅपटॉप – १ नग’ एवढेच लिहिलेले होते, सिरियल नंबरही नव्हता, मग कार्डाचा उल्लेख कुठला असणार? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवताना हीच उणीव मला सर्वांत जास्त नडली.

सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नाव पाहावे, ते त्या मॉडेलबरोबर कंपनी देत असलेल्या कार्डाशी जुळवून घ्यावे, आपल्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवून तो यादीत दिसतो का ते तपासावे, आणि फोन मित्राच्या हाती देऊन त्याला दुकानाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे करून सिग्नल किती टिकतो ते पाहावे. कार्डाचे नाव आणि सिरियल नंबर पावतीवर लिहून देण्यास दुकानदार का-कू करू लागला, तर तो लॅपटॉप घेऊ नये.

मी ८२६५ कार्ड वेगळे विकत घेतले, चेपलेली वायर एका कारागिराकडून बदलून घेतली. आता त्याच टेबलावर सिग्नल ८१ टक्के दिसतो. दुकानदाराने पैसे परत केलेले नाहीत.