जुना कॅमेरा विकताना: गिऱ्हाईक घरी बोलवावं की बाहेर भेटावं?

घरी बोलावलं तर सोय आपली. चार्जर, बिल, लेन्सचं झाकण, सगळं हाताशी. समोरचा निवांत पन्नास फोटो काढून बघतो. पण कपाटातली दुसरी लेन्सही बघतो, आणि दुपारी घरात कोण असतं हेही त्याला कळतं. मला तरी हे पटत नाही.

बाहेर, म्हणजे मेट्रो स्टेशनवर किंवा सरळ आपल्या बँकेच्या शाखेत. तिथे माणसं असतात, सीसीटीव्ही असतो. रोख असेल तर बँकच बरी, लगेच खात्यात भरता येते. फक्त खोटी नोट बँक परत देत नाही, जप्त करते. म्हणून भरणा होईपर्यंत गिऱ्हाईक शेजारीच उभं हवं. बॅटरी तेवढी आधी चार्ज करून न्या.

यूपीआयची लबाडी मात्र दोन्हीकडे सारखीच. स्क्रीनशॉट, एसएमएस काहीही दाखवू दे, स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत कॅमेऱ्याचा पट्टा मनगटातच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पिन टाका, पैसे येतील’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार. तरीही फसलात, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन.