साइड व्हीलची स्कूटर: दहा महिने, सात हजार किलोमीटर आणि बरेच आवाज

गेल्या पाडव्याला ११० सीसीची ऑटोमॅटिक स्कूटर घेतली आणि तिला दोन्ही बाजूंनी साइड व्हीलचं किट बसवून घेतलं. आज मीटरवर ७,१०० किलोमीटर आहेत. गाडी साताऱ्यातच फिरते: शाहूपुरीतून पोवई नाका, तिथून राजवाडा, आणि आठवड्यातून एकदा शेंद्र्यापर्यंत. मोजली तर चार चाकं आहेत, पण चालते ती तीन चाकांच्या गाडीसारखी. मागचं मूळचं चाक मधे, जोर त्याचाच. बाजूची दोन नुसती सोबतीला.

त्याआधी तेवीस वर्षं मी १०० सीसीची मोटरसायकल चालवली. शुगरने डावा पाय गुडघ्याखालून गेला. आता तिथे जयपूर फूट आहे आणि हातात एक कुबडी. हे आधीच सांगतो, कारण ज्याने दुचाकी कधी चालवलेलीच नाही त्याला ही गाडी शिकायला दोन दिवस पुरतात. ज्याच्या अंगात दुचाकी मुरलीय त्याला महिने लागतात. मला तीन लागले.

पहिल्या दिवशी आमच्या मागच्या लेआउटच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. सरळ मस्त गेली. मग डावीकडे वळायला गेलो आणि सवयीने अंग डावीकडे टाकलं. मी कललो, गाडी कलली नाही. ती आपली ढिम्म सरळ, आणि समोर कुणाच्या तरी बंगल्याचं फाटक. ब्रेक लागला म्हणून बरं.

नंतर यामागचं गणित कळलं. दुचाकीवर डावीकडे वळताना आपण नकळत डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं, त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. हे आपण करतो हे कुणालाच ठाऊक नसतं, अंग परस्पर करतं. साइड व्हीलच्या गाडीला कलताच येत नाही. डावी मूठ पुढे ढकलली की ती सरळ उजवीकडे निघते. म्हणजे तेवीस वर्षं हाताला जे वळण लागलं होतं ते इथे बरोब्बर उलटं. हँडल सायकलरिक्षासारखं ओढून वळवायचं, हे डोक्याला पाच मिनिटांत पटलं. हाताला पटायला आषाढ उजाडला. त्यातही अचानक कुत्रं आडवं आलं की हात जुन्याच वळणावर जायचे आणि गाडी कुत्र्याच्याच दिशेने! तेव्हापासून वेग ४० च्या वर नेत नाही, आणि कुत्रं दिसलं की वळायच्या भानगडीत न पडता सरळ ब्रेक.

आता अंग टाकायचं ते वेगळ्या कारणासाठी. वळणावर गाडी तुम्हाला बाहेरच्या बाजूला फेकते आणि आतलं चाक उचलू बघते. यवतेश्वरच्या घाटात हे पहिल्यांदा नीट जाणवलं. वर चढताना एका उजव्या वळणावर उजवं चाक रस्ता सोडून वर आलं. अर्ध्या सेकंदाचा खेळ, पण पोटात गोळा आला. उपाय साधा आहे: वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही, आणि बूड न हलवता खांदे आतल्या बाजूला न्यायचे. परदेशात हार्लेच्या तीन चाकी मोटरसायकली चालवणारे म्हातारे व्हिडिओत अगदी हेच सांगतात. आमची स्कूटर आणि त्यांची साडेपाचशे किलोची ट्राय ग्लाइड यांची तुलना म्हणजे शेळीची म्हशीशी तुलना, पण वळणाचा कायदा दोघींना सारखाच. हार्ले अशी तीन चाकी काही हल्लीच बनवू लागली असं नाही. त्यांची सर्व्हिकार १९३२ मध्ये आली आणि १९७३ पर्यंत बनत होती. आपण मात्र साइड व्हील म्हटलं की अजून मान तिरकी करून बघतो.

रस्त्याच्या उताराबद्दल कुणीच आधी बोललं नव्हतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. दुचाकीला त्याचं काही नसतं, ती स्वतः सरळ उभी राहते. ही गाडी रस्त्याबरोबर तिरकी होते आणि सतत डावीकडे ओढते. सातारा मुळात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेला, त्यामुळे राजपथ काय आणि खालचा रस्ता काय, कुठेतरी एका अंगाला कललेलेच. पहिला महिनाभर संध्याकाळी उजवा दंड आणि डावी कंबर ठणकायची. बायको तेल लावता लावता म्हणाली, "अहो, गाडी चालवताय का बैल धरताय?" नंतर हँडल घट्ट धरायचं सोडलं. दोन बोटं ब्रेकवर, बाकी पकड सैल, आणि ओढ सोसायची ती खांद्याने. आता दुखत नाही. रस्ता मोकळा असेल तर मी सरळ मधल्या उंचवट्यावरून चालवतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवोत.

खड्ड्यांचं तर विचारूच नका. मोटरसायकलला एक रेघ सांभाळायची असते, इथे तीन रेघा. पुढच्या चाकाने खड्डा चुकवला की तो हमखास बाजूच्या चाकाला सापडतो. शेवटी एक हिशेब बसला: छोटा खड्डा दोन चाकांच्या मधून जाऊ द्यायचा, मोठा असेल तर सरळ थांबायचं. स्पीडब्रेकरवर मात्र नाक सरळ ठेवून जायचं. तिरकं गेलात की एक चाक वर, एक खाली, आणि गाडी पाळण्यासारखी झुलते.

या किटची सर्वांत विचित्र खोड मला पावसाळ्यात कळली. एका गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या लांबीत उभी चर खणून वरवर बुजवलेली होती. बाजूची दोन्ही चाकं चरीच्या कडांवर टेकली आणि मधलं चाक खोलात अधांतरी. इंजिन बोंबलतंय, चाक गरगर फिरतंय, गाडी जागची हलत नाही. दोन पोरांनी मागून ढकललं तेव्हा सुटलो. मेस्त्रीने बघितलं आणि म्हणाला, "काका, साइडची चाकं खाली बसवलीत यांनी. सगळा भार हीच खातायत." त्याने दोन्ही बाजूंचं ॲडजस्टमेंट बोटभर वर घेतलं आणि बाजूच्या टायरमधली हवाही थोडी कमी केली. मधल्या चाकावर वजन आलं तसा ब्रेकसुद्धा सुधारला. कारण माझ्या किटच्या बाजूच्या चाकांना ब्रेक नाहीत, जे काय थांबवायचं ते पुढचं आणि मधलं चाक थांबवणार. किट बसवून घेणाऱ्यांनी डिलिव्हरी घेताना आधी हे बघावं: सपाट जागी तुम्ही स्वतः गाडीवर बसा आणि मधलं चाक किती दबतंय ते दुसऱ्या कुणाला बघायला सांगा.

आता आवाज. नवीन गाडी म्हणजे आवाज नसलेली गाडी, अशी माझी समजूत होती. ही गाडी पहिल्या दिवसापासून बोलत होती. मोटरसायकलच्या प्रत्येक आवाजाचा अर्थ मला माहीत होता, चेन ढिली झाली की झोपेतही कळलं असतं. इथे सगळी भाषाच परकी.

पहिला आवाज "खडखड". फक्त मागे कुणी बसलेलं नसताना, फक्त डावीकडून. तीनशे किलोमीटरलाच किटच्या यू क्लॅम्पचे नट ढिले झाले होते. ज्यांनी किट बसवलं त्यांना फोन केला, तर म्हणे "सुरुवातीला होतंच असं." होतंच, तर मग पहिल्या तपासणीची तारीख पावतीवर लिहून द्यायला काय झालं होतं? मेस्त्रीने साधे नट काढून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज ढिले न होणारे) टाकले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली. नट फिरला की रेघ तुटते, वाकून बघितलं की कळतं. पाच रुपयांचं काम. दर रविवारी पाणी मारताना मी त्या रेघा बघतो.

दुसरा "कर्रऽऽ कुईं", म्हातारीच्या खाटेसारखा, स्पीडब्रेकरवर. किटच्या स्प्रिंगचे बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, कोरडे पडलेले. ग्रीस मारलं की पंधरा-वीस दिवस शांत, पावसात आठवडाभरच. याला आता मी मोजत नाही. वळताना येणारा "टक्" हाही असाच. वजन एका बाजूच्या चाकावरून दुसऱ्यावर जाताना फ्रेम बुशमध्ये जराशी सरकते. सुरुवातीला मला वाटायचं काहीतरी मोडलं. मेस्त्री म्हणाला, टक् एकदा झालं तर झोपा, लागोपाठ झालं तर माझ्याकडे या. अजून लागोपाठ झालेलं नाही.

एक आवाज मात्र दोन आठवडे सापडेना. बारीक "किणकिण", ३० च्या वेगाला सुरू, ४० ला बंद. सायलेन्सरची पट्टी आवळली, मडगार्डखाली रबर घातलं, नंबरप्लेट काढून बघितली. मेस्त्री स्वतः मागे बसून राजवाड्यापर्यंत आला, कान खाली घालून. शेवटी गोलबागेपाशी त्याने हात लांब करून माझी कुबडी धरली, आणि आवाज बंद! उंची कमी-जास्त करायचं तिच्या नळीतलं बटण त्या वेगाला थरथरत होतं. चहा माझ्याकडून झाला. आता कुबडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे.

ज्या आवाजाला मी भितो तो एकच: वेगाबरोबर चढणारी "घूंऽऽ". भाद्रपदात उजव्या चाकातून आली. हँडल डावीकडे वळवलं की वाढायची, कारण भार उजवीकडे जातो. उजवीकडे वळवलं की कमी. बेअरिंगमध्ये पाणी शिरलं होतं. चाक वर उचलून हाताने फिरवलं तर खडी दळल्यासारखं लागत होतं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं एकदम बदलली. मेस्त्रीच्या मते साचलेल्या पाण्यातून रोज जायचं असेल तर ती वर्षभरात जाणारच.

एक गोष्ट हसत सांगतो, पण गंभीर आहे. तीन चाकांच्या गाडीवर थांबताना पाय खाली टेकवायचा नाही. बाजूचं चाक पायाच्या रेषेत असतं. जूनमध्ये पोवई नाक्याला गर्दीत सरकत असताना जुन्या सवयीने डावा पाय खाली गेला आणि साइड व्हील बुटावर चढलं. बाजूचा ट्रॅफिक पोलीस ओरडत धावला. मी म्हटलं, "काही नाही साहेब, रबराचा आहे." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बूट गेला, जयपूर फूटला एक ओरखडा. उजवा पाय असता तर हे लिहायला वेगळा माणूस लागला असता. आता फूटबोर्डच्या कडेला अॅल्युमिनियमची उभी पट्टी लावून घेतली आहे, पाय बाहेर सरकतच नाही.

रुंदीचा अंदाज यायलाही वेळ लागला. मोती चौकात एका मावशींच्या कोथिंबिरीच्या जुड्यांवरून चाक गेलं. मावशी म्हणाल्या, "मागचं बी बघत जा की, दादा!" चार जुड्या विकत घेतल्या, घरी तीन दिवस वड्या.

काय आवडत नाही? रिव्हर्स नाही. हीच खरी अडचण. मोटरसायकल पायाने मागे ढकलता येते, ही नाही. उतारावर नाक भिंतीकडे करून लावली की कुणाला तरी हाक मारणं आलंच. रिव्हर्सची मोटर असलेली किटं मिळतात, मी पैसे वाचवायला गेलो आणि ती चूक झाली. दुसरं, ॲव्हरेज ३४ च्या पुढे जात नाही. आणि चढावर ब्रेक लॉक केल्याशिवाय गाडी सोडायची नाही. स्टँड नाही, म्हणजे ती घरंगळणारच.

कागदपत्रांचं एवढंच, की किट बसवल्याची नोंद आरसीवर करून घ्या, नाहीतर विम्याच्या वेळी पंचाईत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे. २०१९ च्या दुरुस्तीने ते नाव जाऊन 'अडॅप्टेड व्हेइकल' आलं. ऐकायला बरं वाटतं.

सप्टेंबरात बायकोला घेऊन कासला जाऊन आलो, पंचवीस किलोमीटर चढून. वर धुकं, गाडी ३० वर, बेल्टची बारीक शिट्टी आणि मागून तिचं "हळू, हळू." परतीच्या उतारावर एक गोष्ट शिकलो: थ्रॉटल पूर्ण सोडून वेग फार पडू दिला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावायला लागते. जरासा थ्रॉटल देऊन परत सोडायचा, म्हणजे इंजिन धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर आलो असतो तर लायनर घाटातच जळले असते.

काल कमानी हौदापासून खाली उतरताना पुन्हा घूंऽऽ आली. या वेळी डावीकडून. रविवारी चाक वर घेऊन बघतो.